चालायला पैसे भरलेत! चार दिवस, रोज ४० किलोमीटर. कोल्हापुरात सराव कुठं करू?

पेठेतली_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची मंगळवार पेठेतली. गेली नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये, नायमेगनजवळच्या एका गावात राहते. लेकीच्या शाळेला मे सुट्टी लागली म्हणून दोन आठवडे माहेरी आलेय.

आमच्याकडं दर जुलैला चार दिवसांची चाल असते. तिथले लोक नुसतं 'फीरदाख्से' म्हणतात, म्हणजे 'चार दिवसांची'. १९०९ ला सुरू झाली आणि १९२५ पासून नायमेगनातूनच निघते. जुलैच्या तिसऱ्या मंगळवारी सुरू, शुक्रवारी समाप्त. रोज ३०, ४० किंवा ५० किलोमीटर. पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं चालतात, तरी इच्छुक त्याहून जास्त असतात म्हणून सोडत काढतात. यंदा माझं नाव लागलंय, २१ ते २४ जुलै, रोज ४०.

घरी सांगितलं तर आबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "चालायला पैसे भरलेस? आणि वर सोडत?" मग आईकडं बघून, "आम्ही तीस वर्षं ज्योतिबाला चालत खेटे घातले, ते काय पावती फाडून?"

तर प्रश्न असा. हाताशी दोन आठवडे आहेत. रंकाळ्याला रोज तीन फेऱ्या मारतेय, पण सपाटीवर घोळक्यात चालून काय कळणार? सलग लांब चालायला शहराबाहेर बरा रस्ता कुठला? आणि सलग चार दिवस चाललेलं इथं कुणी आहे का? एक दिवस मी कसाही ओढीन. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकतील का, याचीच धास्ती आहे.

तांबडा_पांढरा

ताई, आमच्या आळीत दोन ऐवजी चार सोसायट्यांचे जिने चढायचं ठरवलं की माणूस पाच मिनिटं विचार करतो. तुम्ही पैसे भरून १६० किलोमीटर. नाद खुळा!

बाकी सल्ला एकच. गंगावेशीत कट्ट्यावर रोज रात्री ताजं, फेसाळ म्हशीचं दूध. तिकडं ते मिळायचं नाही.

शाहूपुरीची_वहिनी

ते दूध पिऊन ४० किलोमीटर चालायला गेलात तर तुम्हीच बघा हां काय होतंय ते.

पेठेतली_लेक, सकाळी लवकर निघा. ऊन फार झालंय आणि संध्याकाळी रोज वळवाचं वातावरण. काल आमच्याकडं गारा पडल्या.

खेटेकरी_आजोबा

बाळ, तुझ्या आबांना माझा नमस्कार सांग. ओळख नसली तरी चालेल, खेटे घातलेला माणूस म्हणजे आपलाच.

सरावाला ज्योतिबासारखा रस्ता नाही. माघातले खेटे संपले, चैत्र यात्राही झाली, त्यामुळं आता वाट रिकामी सापडेल. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावरून निघायचं. वडणगे, निगवे, कुशिरे करत पुढं गायमुखाकडून डोंगर चढायचा. शहरातनं साधारण १७-१८ किलोमीटर. डोंगरावर दर्शन घेऊन चालतच परत आलीस की तुझ्या चाळिसाला चार-सहा कमी.

आम्ही पहाटे पंचगंगेत अंघोळ करून अनवाणी निघायचो. लागोपाठ पाच रविवार. अंबाबाईनं ज्योतिबाला इथंच थोपवून धरायला खेटा घातला, अशी कथा सांगतात. तू मात्र अनवाणी जाऊ नकोस. मे महिन्यात डांबर तळव्याची साल काढतं.

एक गोष्ट लक्षात ठेव. वाटेत बसायचं तर पाच मिनिटं, पाठ टेकायची नाही. अर्धा तास बसलेला माणूस उठताना म्हातारा होऊन उठतो. मी चाळिशीत असताना झालोय.

शंकेखोर

खेटा म्हणजे सराव नव्हे. लोक नवस बोलून, उपास धरून जातात. उद्या कुणी वारीला मॅरेथॉनची तयारी म्हणेल. प्रत्येक गोष्टीचं किलोमीटरमध्ये माप कशाला?

खेटेकरी_आजोबा

तुमचं म्हणणं डोक्यात आहे. पण खरं सांगू? आमच्या तालमीतली तीस-चाळीस पोरं जायची. त्यातली निम्मी देवासाठी, उरलेली वाटेत सरबत, उसाचा रस, भजी मिळायची म्हणून. लोक रस्त्याकडेला टेबलं मांडून बोलावून बोलावून खायला घालतात. देवानं त्या पोरांना कधी हाकलून लावलं नाही. त्यातलीच दोघं आता न चुकता पाचही खेटे घालतात. आणि ही पोर माघात जात नाही, मे महिन्यात जाते आहे. जाऊ दे की.

कालव्याकाठी

मी उत्रेख्तला असतो, मूळचा गारगोटीचा. ही चाल मी दोनदा केली आहे, एकदा पूर्ण, एकदा तिसऱ्या दिवशी टाचेनं मान टाकली. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिला दिवस फसवा असतो. पन्नासवाल्यांना पहाटे ४ ला सोडतात, मागोमाग बाकीचे. त्या वेळी गावात रात्रभर नाचलेली पोरं रस्त्यावरच असतात. ती घरी निघालेली, आपण चालायला निघालेलो. ती दोन्ही बाजूंना उभी राहून टाळ्या पिटतात आणि आपण त्या नादात पाच किलोमीटर फार जोरात काढतो. तिथं स्वतःला आवरा. वाल नदीच्या पुलावरून उत्तरेकडं गेलात की वारा तोंडावर येतो आणि भानावर आणतो.

दुसरा दिवस बुधवार, वीखन गावाचा. सगळीकडं गुलाबी. गुलाबी केस, गुलाबी दाढ्या, गुलाबी बैल. (बैल पुठ्ठ्याचा होता, पण मी त्याला हात जोडले.) पेठेतली_लेक, तुमची धास्ती बरोबर आहे. बुधवारी सकाळी पलंगावरून उतरताना वाटतं की आता जमत नाही. पहिला पाऊण तास लंगडत गेलात तरी घाबरू नका. सांधे तापले की चाल सुटते.

गुरुवारी ख्रूसबेककडचे चढ येतात. त्या रस्त्याचं नावच 'सात टेकड्यांचा रस्ता'. डच लोक त्याविषयी आपण हिमालयाविषयी बोलतो तसे बोलतात. कुशिऱ्यापासनं ज्योतिबा चढलेल्या माणसाला हसू येईल, पण तीन दिवसांनी हसू कमी येतं. त्याच वाटेवर दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडाच्या सैनिकांची दफनभूमी लागते. सैन्याच्या तुकड्या तिथं थांबून मानवंदना देतात. आधी गाणी म्हणत चाललेले लोक तिथं एकदम गप्प होतात, बुटांचाच आवाज येत राहतो.

शुक्रवारी कौकजवळ मास नदीवर सैन्य खास या चालीसाठी तरंगता पूल बांधतं. त्याच्यावर पाऊल ठेवलं की डगमगतो, थकलेल्या पायांना तेवढंच पुरतं. शेवटचे काही किलोमीटर सिंट आनास्ट्रात या रस्त्यानं. त्या दिवसापुरतं त्याला ग्लॅडिओलसच्या फुलांचं नाव देतात. ओळखीचे, अनोळखी कुणीही हातात ग्लॅडिओलस कोंबतात. मला एका आजींनी दिली आणि डचमध्ये काहीतरी म्हणाल्या. मला नीट ऐकू आलं नाही, मी रडत होतो.

नियम एकच कडक: मनगटाच्या पट्टीची रोज नोंद होते आणि एक दिवस हुकला की संपलं. शनिवारी भरून काढतो म्हणायची सोय नाही.

तांबडा_पांढरा

गुलाबी बैलाला हात जोडणारा माणूस गारगोटीचाच असणार.

पण ताई, तिकडं थंड हवा. इथल्या उन्हात कशाला भाजून घेताय?

पेठेतली_लेक

@तांबडा_पांढरा, तिथं ऊन नसतं हा गैरसमज. २००६ ला पहिल्याच दिवशी उष्म्यानं दोन चालणारे दगावले आणि पुढचे तिन्ही दिवस रद्द झाले. २०२२ ला तर हवामानाचा अंदाज बघूनच मंगळवार रद्द केला, त्या वर्षी चाल तीनच दिवसांची झाली. २०२० आणि २०२१ ला कोरोनानं झालीच नाही. तिथल्या बहुतेक घरांत छताला पंखेसुद्धा नसतात हो. तेहतीस अंशांत ते लोक आपल्यापेक्षा जास्त हाल सोसतात.

@कालव्याकाठी दादा, वाचून पोटात गोळा आला आणि बरंही वाटलं. पहिल्या पाच किलोमीटरचं लिहून ठेवते.

यात कशी पडले तेही सांगते. आमच्याकडं प्रत्येक गावात जूनच्या सुमाराला मुलांची 'संध्याकाळची चार दिवसांची' असते. शाळेच्या शाळा निघतात, रोज संध्याकाळी ५ किंवा १० किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी लेकीबरोबर गेले. तेव्हा ती सहा वर्षांची. पहिल्या वळणावर बघते तर सगळ्या पोरांच्या हातात अर्धं लिंबू, त्यात कडक पेपरमिंट खुपसलेलं आणि भोवती पातळ कापड गुंडाळलेलं. ती पोरं ते चोखत चालली होती! आंबट रस त्या गोड कांडीतनं वर येतो. माझ्या लेकीकडं नव्हतं, तिनं जे भोकाड पसरलं! मग शेजारच्या बाईंनी आपल्या मुलाचं काढून दिलं. शेवटच्या संध्याकाळी आजी-आजोबा फुलं घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात. तिचे कोल्हापुरात, म्हणून त्या बाईंच्या सासऱ्यांनी हिच्यासाठीही एक गुच्छ आणला होता. तो माळ्यावर अजून ठेवलाय, वाळलेला.

मग वाटलं, आपणही एकदा मोठी करावी.

गडवाट

मी पन्हाळा ते पावनखिंड सहा वेळा केली आहे. जुलैत, १२-१३ च्या सुमाराला, दोन दिवसांत पन्नासएक किलोमीटर. १६६० च्या त्याच रात्री महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून सहाशेएक मावळे घेऊन याच वाटेनं विशाळगडाकडं निघाले, शिवा काशीद पालखीत बसून शत्रूच्या हाती गेले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. आपण तीच वाट दोन दिवस, मुक्काम करून, गरम आमटी पिऊन चालतो आणि तरी कण्हतो.

तुमच्या डांबरी रस्त्यापेक्षा हे वेगळं. चिखल, ओढे, करपेवाडीपासनं पुढं जंगल, जळवा. पण एक अनुभव कामाला येईल. तिसऱ्या वर्षी मी नवे कोरे महागडे बूट घालून गेलो. आदल्या दिवशी घेतलेले. मसाई पठार संपायच्या आत उजव्या बुटाचा तळ जबडा उघडावा तसा उघडला. एका धनगराच्या पोरानं सुतळी दिली, ती आडवी-तिडवी गुंडाळून दोन दिवस काढले. दुकानदाराकडं गेलो तर म्हणे, "पावसात कशाला घातला?" ट्रेकचा बूट!

तेव्हा बूट आत्ताच घ्या. ज्यात चालणार त्यातच सराव. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे, कमीत कमी दोन जोड. दुपारी मोजे बदलण्यासारखं सुख जगात दुसरं नाही.

पायाचं_बघू

मी फिजिओ आहे, राजारामपुरीत बसते. इथं औषधं सांगत नाही, चार कामाच्या गोष्टी सांगते.

फोड येतो घर्षणानं, आणि ओल असली की लवकर येतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ते नकोत. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. पाय दुपारनंतर सुजतात म्हणून बूट संध्याकाळी मापाला घाला, पुढं अंगठ्याएवढी जागा हवी. जिथं 'गरम' लागायला लागलं तिथं लगेच थांबून पट्टी लावा. "पुढच्या थांब्यावर बघू" म्हणणाऱ्यांचे फोड मी बघते. नखं चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. मांड्यांना व्हॅसलिन, लाजू नका.

नुसतं पाणी पाणी करू नका. दिवसभर घाम गाळत फक्त साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, चक्कर येते आणि लोक समजतात पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पितात. ताक, लिंबू-मीठ-साखर, खारे शेंगदाणे. तहानेनुसार प्या. दुखतंय म्हणून उपाशीपोटी, घामाघूम असताना वेदनाशामक गोळ्या मारत चालणं मूत्रपिंडांना महागात पडतं. गोळ्यांचं आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि सराव. एकदाच ४० चालून दाखवण्यापेक्षा शनिवारी २०, रविवारी पुन्हा २० केलेलं जास्त कामाचं. तुम्हाला दुसऱ्या सकाळची भीती आहे ना, मग सरावही दुसऱ्या सकाळचाच करा. जूनअखेरीपर्यंत वाढवत न्या, शेवटचे दोन-अडीच आठवडे कमी करा.

शाहूपुरीची_वहिनी

कुणी विचारत नाही म्हणून मी विचारते. वाटेत बायकांची सोय असते का? आम्ही आषाढीला नंदवाळच्या दिंडीला जातो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून अर्ध्या बायका पाणीच पीत नाहीत.

कालव्याकाठी

वहिनी, असते. फिरती स्वच्छतागृहं ठिकठिकाणी, आणि रांगाही. खेड्यांमध्ये लोक दारावर पाटी लावतात की आमच्या घरचं वापरा. काही ठिकाणी बाहेर वाटीत सुट्टे पैसे ठेवलेले, पोरगं राखणीला. माझ्या बायकोनं एका घरात जाऊन यायला वीस मिनिटं लावली, मला वाटलं बरं नाही. आत घरमालकिणीनं तिला काकडी चिरून, मीठ लावून खायला बसवलं होतं.

पेठेतली_लेक

वृत्तांत. फिजिओताईंचं ऐकून शनिवारी विद्यापीठाच्या बाजूला २० केले आणि रविवारी ज्योतिबा.

पहाटे चारला निघालो, मी आणि धाकटा भाऊ. आबा "पुलापर्यंत सोडतो" म्हणून मोपेड घेऊन मागे. गुडघ्यांमुळं त्यांचे खेटे सहा वर्षांपूर्वी सुटले. पुलावर गाडी स्टँडला लावली, चपला काढल्या, ज्योतिबाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाले, "वडणग्यापर्यंत येतो." येतो म्हणजे चालत! अर्ध्यातच बसवलं त्यांना एका पारावर. भाऊ परत जाऊन गाडी घेऊन आला, त्यात पाऊण तास गेला. आबा तिथल्या दूध घालायला निघालेल्या माणसाशी बोलत बसले, त्याच्या वडिलांबरोबर यांनी एक खेटा घातलेला निघाला.

निगव्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, गारवा, पाय हलके. उजाडलं आणि कुशिऱ्यानंतर जीव निघाला. सपाट देशात नऊ वर्षं राहिल्यावर चढ म्हणजे काय ते पोटऱ्या विसरल्यात. वर पोचेपर्यंत भावाच्या घड्याळात १८ ला थोडे कमी. यात्रा होऊन महिना होत आला तरी पायऱ्यांच्या सांध्यात गुलाल तसाच होता. मोजे काढून बसले तर टाचांना गुलाबी रंग. मला आधी वाटलं रक्त. भाऊ हसून हसून लोळला.

उतरताना अंगठ्यांनी बूट आतून ढोसले. (फिजिओताई, अंगठ्याएवढी जागा नव्हती. कळलं.) परतताना साडेदहानंतरचं ऊन झेपलं नाही, निगव्यात वडाप (शेअर जीप) पकडलं. एकूण २९. हे लपवत नाही.

सोमवारी सकाळी पाय टेकले. लंगडत, पण टेकले. स्वयंपाकघरापर्यंत "आई गं, मी मरतो" करत गेलो. (कोल्हापुरात पाऊल ठेवलं की माझं 'मी जातो, मी करतो' सुरू होतं, लेक बघत राहते.)

शंकेखोर

वडाप पकडलं ते खरं सांगितलंत, आवडलं. माझे दोन शब्द मागे घेतो. बाकीचे ठेवतो.

खेटेकरी_आजोबा

आबांना अनवाणी का जाऊ दिलंत? तळवे बघितले का त्यांचे?

पेठेतली_लेक

बघितले आजोबा. काही झालं नाही. माझ्या टाचेला दोन फोड, त्यांच्या तळव्याला चरा नाही. तेच दोन दिवस सगळ्यांना सांगतायत.

गडवाट

फोड फोडू नका. बूट एक माप मोठे घ्या. तिकडं गेल्यावर नाही, आत्ता.

शाहूपुरीची_वहिनी

तारखा बघितल्या का कुणी? यंदा अधिक महिन्यामुळं आषाढी लांबलीय, २५ जुलैला एकादशी, शनिवारी. म्हणजे तुमचं शुक्रवारी संपणार आणि दुसऱ्या दिवशी आमची नंदवाळची दिंडी. पुईखडीला रिंगण असतं तेव्हा तिकडं सकाळ असेल. व्हिडिओ कॉल करीन, पाय वर करून पडून राहा आणि बघा.

ते लिंबात पेपरमिंट कसं खुपसतात ते सांगा. नातवाला घेऊन जाणार आहे, निम्म्या वाटेत कुरकुर करतो.

पेठेतली_लेक

वहिनी, काल आईनं करून बघितलं. जाड लिंबू आडवं कापायचं, मधोमध सुरीनं भोक पाडायचं. पेपरमिंटची पांढरी कांडी इथं मिळाली नाही, पेठेतल्या दुकानात उभ्या रेघांची गोळीची कांडी मिळाली, ती चालली. लिंबाला चहा गाळायचं जुनं फडकं बांधायचं म्हणजे रस कोपरापर्यंत येत नाही. लेकीनं एक संपवलं, आबांनी दोन. दुसऱ्याला तिखट-मीठ लावून.

परवा पहाटे निघतोय. बॅगेत नवे बूट मावत नाहीत, घालूनच विमानात बसणार. कॉल नक्की करा, सकाळ असली तरी.